पाणी आहे असं समजा

तुरुंगाच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे कैद्यांना नळाचं काम शिकवायचे. भिंतीला लाकडी चौकट ठोकलेली, चौकटीवर पाईप, बेंड, जोड, एक वॉशबेसिन, संडासाची एक टाकी आणि ओळीने नळ. नव्या घरात असावं तसं सगळं जिथल्या तिथे होतं. नव्हतं ते फक्त पाणी. मुख्य पाईप भिंतीपाशी येऊन संपायचा. त्याच्या तोंडाला बूच मारलेलं होतं आणि बुचाच्या पलीकडे नुसती वीट.

शिकवणारे मास्तर सत्तरीकडे झुकलेले. उभा जन्म लोकांच्या मोऱ्यांत वाकून काढलेला, त्यामुळे सरळ उभे राहिले तरी कुणाच्या तरी बेसिनखाली डोकावतायत असंच वाटायचं. दुकान मुलाच्या हाती सोपवून ते घरी बसले होते. पण ते घरी बसणं ना त्यांना मानवलं, ना त्यांच्या बायकोला. तुरुंगात शिकवायला माणूस हवा आहे असं कळलं तेव्हा बायकोनेच डबा भरून हातात ठेवला होता. आता मात्र ती म्हणायची, "आत गेलेल्यांची एक ना एक दिवस सुटका होते. तुमची काही लक्षणं दिसत नाहीत."

पहिल्या दिवसापासून मास्तरांची मागणी एकच होती. पाणी द्या.

"मास्तर, पाणी असलं काय आणि नसलं काय, पाईप तोच ना?" साहेब म्हणाले होते. साहेब म्हणजे तुरुंगाचे अधीक्षक. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डोक्यावरही साहेब होते. शेडला पाणी द्यायचं तर बराकीच्या टाकीतून लाइन ओढावी लागणार, आणि बराकीलाच पाणी पुरत नव्हतं. "तिकडे माणसं एका बादलीसाठी एकमेकांच्या उरावर बसतात आणि इकडे मी शिकवण्यासाठी पाणी सांडायला देऊ? वर काय तोंड दाखवू?"

हे मास्तरांनाही पटायचं, आणि म्हणून त्यांची चिडचिड जास्तच व्हायची. समोरचा नुसता मूर्ख असला तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. समोरच्याचंही थोडं खरं असलं की तो राग घरी न्यावा लागतो.

तर वर्ग चालायचा तो असा. मास्तर चौकटीपुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, "पाणी आहे असं समजा." मग शिकणारे समजायचे. नळ गळतोय असं समजायचं, वायसर झिजलाय असं समजायचं, नवा बसवला की गळती थांबली असं समजायचं. बराकीत या वाक्याची म्हण झाली होती. आमटी वाढताना कुणी म्हणायचं, "डाळ आहे असं समजा." भेटीच्या दिवशी कुणाकडे कुणी आलं नाही की शेजारचा पाठीवर हात ठेवायचा, "आले होते असं समज."

त्यातून चौकटीवरचा कॉकही गेलेला. पाणी तोडायचा तो पितळी कॉक चांगला वजनदार, मुठीत बसणारा. त्याने कुणाचं डोकं फुटेल म्हणून ऑफिसने तो काढून कपाटात ठेवला होता. पण कामाची पहिली पायरीच ती. आधी कॉक बंद, मग नळाला हात. म्हणून मास्तरांनी सवय लावली, की जिथे कॉक असायला हवा तिथे हवेत मूठ फिरवायची आणि मोठ्याने म्हणायचं, "कॉक बंद केला." सगळे फिरवायचे. नवीन आलेला हसायचा, आठवड्याभरात तोही फिरवू लागायचा.

मास्तरांना अशा वेळी आपला मामा आठवायचा. मामा त्यांचा गुरू. तेव्हा जोडाला सुतळी आणि सफेदा लावायचे, लोखंडी पाईपला हाताने आटे पाडायचे, आणि तळवे कायम गंजाने तांबडे असायचे. मामाने पहिल्याच दिवशी त्यांना एका फुटलेल्या पाईपखाली ढकललं होतं. "पाण्याशी ओळख करून घे," म्हणाला होता. नाकातोंडात पाणी गेलं, दम कोंडला, आणि हात आपोआप कॉकवर गेला. त्यानंतर अर्धी हयात तो हात कधी चुकला नाही. आता इथे ते माणसांना पोहायला शिकवत होते, तेही सतरंजीवर.

शेजारच्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचा वर्ग निघाला होता. मोबाइलला तुरुंगात बंदी, म्हणून तिथे फळ्यावर चित्र काढून शिकवायचे. ते पाहून मास्तरांना आपलं दुःख जरा हलकं वाटायचं.

शेडचा आणखी एक नियम होता. पाना, हातोडी, करवत ही कामाची हत्यारं असली तरी हत्यारंच. म्हणून काहीही वेडंवाकडं घडलं की दारातला शिपाई शिटी फुंकायचा. शिटी झाली की हातातलं खाली टाकायचं, पाठ भिंतीला लावायची आणि दोन्ही हात समोर धरायचे. एकदा पत्र्यावरून मांजर धपकन आत पडलं तेव्हा शिटी झाली. एकदा तर शिपायाला नुसतीच जोराची शिंक आली, तरी सगळे भिंतीला लागले. शिपाई ओशाळून म्हणाला होता, "अरे, ती माझी शिंक होती." कुणी जागचं हललं नाही. दुसरी शिटी झाल्याशिवाय हलायचं नाही असाही नियम होता.

सगळ्या वर्गात मास्तरांचा जीव एकावर होता. त्याला सगळे 'आस्ते' म्हणायचे. पूर्वी तो मालाची गाडी चालवायचा. गाडी मागे घेताना क्लीनर ओरडतो तसं तो स्वतःशीच पुटपुटायचा, "आस्ते, आस्ते." दारूच्या अड्ड्यावरच्या भांडणात त्याने एकाला ढकललं, तो माणूस पायरीवर आपटला आणि उठलाच नाही. आस्तेचे केस आतच पांढरे झाले. हाताला मात्र कसब होतं. जोड असा लावायचा की बोट फिरवलं तरी खाच लागू नये.

आता त्याची सुटका जवळ आली होती. बायको केव्हाच दुसऱ्याच्या घरी नांदायला गेली होती. राहता राहिली एक बहीण. ती भेटीला आली तेव्हा तिने जाळीतून स्पष्ट सांगितलं, "दादा, कामाला लागलास तर बाहेरची खोली तुझी. रिकामा आलास तर हे उंबऱ्यात उभं करायचे नाहीत, आणि मी तरी कुणाकुणाशी भांडू?" हे सगळं आस्तेने मास्तरांना सांगितलं होतं, तेही पाईपला आटे पाडता पाडता, मान वर न करता.

मास्तरांनी मग हातपाय हलवले. जुन्या ओळखी उकरून काढल्या. मोठ्या इस्पितळाची देखभाल बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना कायमचा नळवाला हवा होता. हो-नाही करता करता त्या म्हणाल्या, "येते. पण मी काम बघून घेते माणूस, शिफारशीवर नाही."

"बघाच तुम्ही," मास्तर म्हणाले.

बाई आल्या, पण चाचणी शेडमध्ये होण्यासारखी नव्हती. बाईंनी शेड पाहिली, चौकटीवरचा एक नळ फिरवला, पुन्हा फिरवला आणि विचारलं, "पाणी गेलंय का?"

"इथे नसतं," शिपाई म्हणाला.

"मग खरं पाणी कुठे आहे?"

खरं पाणी साहेबांच्या ऑफिसशेजारी, कर्मचाऱ्यांच्या न्हाणीघरात होतं. तिथला एक नळ कित्येक महिने गळत होता. मास्तरांनी साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, "आज थोडा सराव करू द्या. उद्या चाचणी ठेवा."

"बाई आज आल्यात," साहेब म्हणाले. "आणि मास्तर, दोन वर्षं शिकवलंत ना? की तेही समजायचं?"

मास्तरांनी वर्गातले तिघे निवडले, त्यांत आस्ते. शिपाई, मास्तर, बाई आणि ते तिघे, असे सगळे त्या न्हाणीघरात दाटीवाटीने उभे राहिले. आरसा होता, बेसिन होतं, बेसिनखाली कोपऱ्यात, हात घातला की लागेल असा, खराखुरा कॉक होता. मास्तरांना तो दिसत होता. त्यांनी आस्तेकडे पाहिलं. आस्ते नळाकडे पाहत होता. नळातून थेंब पडत होता, आणि आस्तेच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की जणू लहानपणी हरवलेलं कुणी भेटलंय.

"हा बदला," बाई म्हणाल्या.

आस्ते पुढे झाला. पाना काढला, नवा नळ काढून कडेला ठेवला, टेफ्लॉनची पट्टी फाडून तयार ठेवली. बाई मान डोलावत होत्या. मग त्याने डावा हात उचलला, हवेत मूठ फिरवली आणि शांतपणे म्हणाला, "कॉक बंद केला."

मास्तरांनी ते पाहिलं. त्यांना त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. दोन वर्षं ते हेच पाहत होते.

आस्तेने नळाला पाना लावला. "आस्ते, आस्ते," तो पुटपुटला. नळ फिरला, सुटला, आणि पाण्याची धार आडवी उसळून थेट आरशावर गेली. आरशावरून छतावर, छतावरून सगळ्यांच्या डोक्यावर. शिपायाने शिटी फुंकली.

तिघांनी हातातलं खाली टाकलं, पाठ भिंतीला लावली, हात समोर धरले. पाणी पडत होतं. आस्तेच्या पापण्यांवरून, नाकावरून पाणी ओघळत होतं, पण तो समोर बघत राहिला. बाई ओरडत होत्या, "अरे कॉक, कॉक बंद करा कुणीतरी." कुणी हललं नाही. दुसरी शिटी झाली नव्हती. शिपायाची शिटी पाण्यात पडली होती आणि तो ती ओणवा होऊन शोधत होता. शेवटी बाईच गुडघ्यांवर बसल्या, बेसिनखाली हात घातला आणि कॉक फिरवला.

पाणी थांबलं. बाई उठल्या. केसांतून पाणी निथळत होतं. त्यांनी भिंतीला लागलेली रांग पाहिली. एक, दोन, तीन. आणि तिघांच्या शेजारी, पाठ भिंतीला, दोन्ही हात समोर, मास्तर.

बाहेरच्या बोळात बाईंनी पदर पिळला. मास्तर त्यांच्या मागे मागे चालत होते.

"हाताला कसब आहे त्याच्या," मास्तर म्हणाले. "तुम्ही पाहिलंत. पाण्याची ओळख नाही एवढंच. ती त्याची चूक नाही."

"मी कुठे म्हणते त्याची चूक आहे?" बाई म्हणाल्या. "त्याचं जाऊ दे. तुम्ही का नाही धावलात?"

मास्तर सदऱ्याची ओली बाही पिळू लागले.

"माझ्याकडे ऑपरेशन चालू असतं आणि वरच्या मजल्यावर पाईप फुटतो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "तेव्हा मला जोड सुंदर लावणारा नको असतो, धावणारा लागतो. सुटल्यावर त्याला महिनाभर कुठेतरी खऱ्या पाण्यात हात घालू द्या. मग आणा. जागा तोवर राहिली तर बघू. राहीलच असं नाही सांगत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मास्तरांना बोलावून घेतलं. बोळातलं जाजम वाळत टाकलेलं होतं. "तिघेही पास आहेत," साहेब म्हणाले. "नळ काढला की नाही? काढला. वर तसं कळवतो. आणि मास्तर, हात जोडतो, यापुढे पाण्याचं नावही काढू नका."

"पास कशात?" मास्तरांनी विचारलं.

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. "तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही?" ते हळूच म्हणाले. "नापास म्हटलं तर शेडच बंद होईल. मग हे चौकटीवरचंही जाईल."

शेडच्या दारात शिपाई वाट पाहत होता. "मास्तर, हात आपसूक शिटीकडे गेला हो."

"माझे पाय आपसूक भिंतीकडे गेले," मास्तर म्हणाले. "तुला काय बोलू?"

आत आस्ते चौकटीपुढे बसला होता, रिकाम्या हातांनी. "मास्तर, गार होतं हो पाणी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्ही माझ्यासाठी आता कुणाच्या दारात जाऊ नका."

मास्तर गेलेच. ज्या दारात जायचं त्यांनी इतके दिवस टाळलं होतं, त्याच दारात. स्वतःच्या मुलाच्या. दुकानाच्या गल्ल्यामागे मुलगा बसला होता, वरती भिंतीवर मामाचा फोटो. मास्तरांनी सगळं सांगितलं. मुलाने ऐकून घेतलं, कारण बाप बोलत होता.

"बाबा, आपण लोकांच्या न्हाणीघरात जातो," तो म्हणाला. "घरात बायका एकट्या असतात. उद्या कुणी विचारलं, हा कोण, कुठून आणला, तर काय सांगू? त्याने काय केलंय ते तुम्हाला माहीत आहे. आणि वाईटात वाईट, लोकांनाही माहीत होईल."

"महिनाभरच म्हणतोय."

"बसलेलं नाव एका दिवसात जातं. तुम्हीच शिकवलंत."

मास्तर उठले. तेव्हा मुलाला बहुधा वाईट वाटलं. "थांबा हो. असं करू, नव्या इमारतींची कामं घेतलीत मी. तिकडे पाठवतो त्याला. तिथे कुणी राहत नाही, कुणी विचारणार नाही."

"नव्या इमारतीत," मास्तर म्हणाले.

"हो. दिवसभर पाईपच पाईप."

"आणि पाणी?"

मुलगा गल्ल्यातली चिल्लर मोजू लागला. नव्या इमारतीत पाणी सगळ्यांत शेवटी येतं, हे नळवाल्याच्या पोराला काय सांगायचं.

घरी येऊन मास्तरांनी चप्पल अशी काढली की एक दाराबाहेरच राहिली. बायकोने ती उचलून आत ठेवली. मग ताट वाढलं. ते जेवले नाहीत. पलंगाखालून जुनी कातडी पिशवी ओढून काढली, तिची बकलं गंजली होती. पाने एकेक करून कापडाने पुसू लागले.

"हे काय आता?"

"मीच जातो त्याला घेऊन. घरोघर. जुनी गिऱ्हाइकं अजून नावाने ओळखतात मला."

"आणि गुडघे?"

"गुडघे त्याचे. तोंड माझं."

"तोंडाचं ठीक आहे," बायको म्हणाली. "त्याला काही झालेलं नाही." मग तिने ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "जेवा आधी. उपाशी माणसाला कुणी मोरीत घेत नाही."

आस्ते सुटला तेव्हा बहीण आली नव्हती. मास्तर फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभे होते. आस्तेने वाकून नमस्कार केला आणि पिशवी त्यांच्या हातातून घेतली. ते सरळ कामालाच निघाले. पहिलं घर जुन्या गिऱ्हाइकाचं, तिसऱ्या मजल्यावर. मास्तरांना प्रत्येक वळणावर थांबावं लागत होतं, आणि प्रत्येक वळणावर ते मनाशी घोकत होते की विचारलंच तर भाचा म्हणायचं. लांबचा भाचा. खोटं बोलायचं तर नात्यातलं बोलावं, कुणी खोदत नाही.

दार उघडणाऱ्या बाईने मास्तरांना ओळखलं. "अगबाई, किती वर्षांनी. पण दमलात केवढे. आणि हे कोण?"

"हा माझा..." मास्तरांनी सुरुवात केली.

"तुरुंगातून सुटलोय, बाई," आस्ते म्हणाला. "नळाचं काम शिकलोय तिथे. मास्तर सोबत आहेत."

बाई दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिचा हात दाराच्या कडीवर होता. "असं करा," ती म्हणाली, "हे संध्याकाळी घरी असतात. तेव्हा या." दार हलकेच लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, तोही हलकेच.

जिन्यात मास्तर भडकले. "भाचा म्हणालो असतो तर जीभ झडली असती का माझी? कुणी मागितलं होतं तुझं पुराण? ती नळ दाखवणार होती. पाणी होतं आत, मला आवाज येत होता."

"उद्या तिला कळलं असतं तर तुमचं नाव गेलं असतं."

"माझ्या नावाची काळजी माझा पोरगा करतोय, तू पण नको करूस."

आस्तेने पिशवी खांद्यावर नीट घेतली आणि मास्तरांना उतरताना हात दिला. मास्तरांनी तो झटकला, दोन पायऱ्या एकट्याने उतरले, मग तोच हात पकडला. अजून हातात तीन पत्ते होते. दुसऱ्या घरी कुणी नव्हतंच. तिसऱ्या घराचा जिना चढेपर्यंत मास्तरांचा राग ओसरला नव्हता. दम मात्र इतका लागला होता, की त्यांना बोलता येईना.

ते भिंतीला टेकले आणि त्यांनी आस्तेला हातानेच खूण केली, की घंटा तू वाजव. आस्तेने पिशवी खाली ठेवली. "काय सांगू?" त्याने विचारलं.

"काय सांगायचं ते सांग," मास्तर धापा टाकत म्हणाले. "पण आत घेतलं तर आधी विचार, कॉक कुठे आहे. मग हाताने धरून फिरव. आणि काही झालं तर मागे येऊ नकोस. मागे मी आहे."

आस्तेने मान हलवली आणि घंटेवर बोट ठेवलं.